डॉक्टरीणबाईंचं गाव

मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरीणबाईंवर अर्धं पान छापून आलं आहे. सुनेनं आणून दिलं. कुठल्या कॉलेजात शिकल्या, कुठल्या इस्पितळात होत्या, मंडळाच्या हॉलसाठी कशा धावल्या, सगळं आहे. फोटोत पैठणी नेसून बसल्या आहेत. मी त्यांना पैठणीत एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांचा भर मांडवात अपमान झाला होता. शेवटची ओळ अशी आहे की त्यांना हस्तकलेची आवड होती. तिथं मी कागद ठेवून दिला. शाळेतल्या पोरींना हस्तकलेची आवड असते. बाईंचा त्या टोपल्यांपायी जीव गेला.

माझं शिक्षण चौथी. जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. तेव्हा माझं शुद्धलेखन तपासायला कुणी येऊ नये.

ते दोन टॉवर पडले त्याच थंडीत मी अमेरिकेत, पार्सिपनीला आलो. बायको गेली होती, मुलगा म्हणाला, बाबा, तिकडं एकटे कसे राहाल? इथं तो आणि सून सकाळी आठला गाड्या काढून गेले की मी एकटाच. पण ते एकटेपण त्याच्या घरातलं, म्हणून त्याला चालतं. मी रोज चालायला जायचो. ऑफिसांच्या इमारतींमागं एक तळं आहे. एके दिवशी पाहतो तर तळ्याकाठच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात पुरुषी कोट, डोक्याला रुमाल, अशी एक म्हातारी बाई झाडाच्या सरळ फांद्या कापत होती. मला वाटलं, या देशातही सरपण गोळा करणारी माणसं आहेत तर. मी आपला मोठ्यानंच म्हणालो, "काय तोडतीय ही म्हातारी?"

ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "म्हातारी वाळुंज तोडतेय. म्हाताऱ्यानं नुसतं उभं राहण्यापेक्षा मोळी धरावी."

मी मोळी धरली. ही ओळख.

त्या मूळच्या पुण्याच्या. जुन्या काळी नवऱ्यासोबत इथं आल्या. दोघं डॉक्टर. बाई भूल देणाऱ्या. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी डॉक्टरसाहेब वारले होते. घर मोठं, आमच्या मागच्याच गल्लीत. बाई म्हणायच्या, "जन्मभर लोकांना झोपवलं, यशवंतराव. आता मला जागं राहायचंय." अमेरिकेत मला यशवंतराव म्हणणाऱ्या त्या एकट्या. बाकी सगळे काका. दुकानातलं पोरगंसुद्धा काका.

आणि त्यांची दुसरी सवय, जी मला पहिल्या दिवसापासून खुपली. त्या उठता बसता 'आमच्या गावात' म्हणायच्या. आमच्या गावात पाव असा छातीशी धरून कापतात. आमच्या गावात जेवताना घड्याळ बघत नाहीत. आमच्या गावात चादरी उन्हातच वाळतात. मला वाटायचं पुण्याजवळचं कुठलं खेडं असेल. महिनाभरानं कळलं की हे गाव फ्रान्समध्ये आहे. नाव मला कधी जमलं नाही. तोंडात पाण्याची गुळणी धरून घ्यावं असं नाव.

त्या गावाची गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली. नवराबायको आपल्याच लोकांच्या टूरमधून युरोप बघायला गेले होते. बसमध्ये थेपले, लोणचं, अंताक्षरी. वाटेत बाईंना ताप भरला. एका खेड्यातल्या खानावळीत खोली घेतली. टूरवाला म्हणाला, बस थांबणार नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, पॅरिसचं सगळं बुकिंग झालंय, तू पडून राहा, मी परत येताना घेतो. आणि गेले. बाई हे सांगताना नवऱ्यावर रागावत नसत. म्हणायच्या, "बरं झालं गेला. राहिला असता तर माझं टेंपरेचर मोजत बसला असता."

शेजारी ओदेत नावाची म्हातारी राहायची. तिनं सूप आणून दिलं, ताप उतरल्यावर आपल्या उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः वाळुंजाची टोपली विणत बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दुसऱ्या दिवशी ओदेतनं भिजवलेल्या काड्या बाईंच्या मांडीवर टाकल्या. "तोवर माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं," असं बाई म्हणायच्या. डॉक्टरसाहेब पॅरिसचा टॉवर बघून परत आले तेव्हा बायकोच्या हातात वाकडीतिकडी टोपली होती, आणि ती बसमध्ये चढायला तयार नव्हती.

पुढं दर वर्षी त्या जायच्या. पानं झडली की तिकडं वाळुंज कापतात, तेव्हा. भाषा शिकल्या. डॉक्टरसाहेब इथं गोल्फ खेळायचे आणि लोकांना सांगायचे, आमच्या हिला फ्रान्सचं भूत लागलंय.

घरात त्यांनी ते गाव थाटलं होतं. दाराशी लाकडी खडावा, पण बंद बुटासारख्या. गाडी गॅरेजबाहेर आणि चीज आत. त्याचा वास असा की माझा मुलगा म्हणायचा, "बाबा, तिथनं आलात की आधी शॉवर घ्या." मागच्या अंगणात दोरी बांधून चादरी वाळत घातल्या तर सोसायटीची नोटीस आली, इथं उघड्यावर कपडे वाळवायला बंदी आहे. बाईंनी नोटीस चिमट्यानं त्याच दोरीला लावली. त्यांचा पाव माझ्या कवळीला कधी झेपला नाही. मी म्हणायचो, "डॉक्टरीणबाई, हा पाव आहे का पाटा?" त्या म्हणायच्या, "बुडवा सुपात. घाई कसली आहे तुम्हाला? बस सुटतेय?"

इराकची लढाई लागली त्या वर्षी, फ्रान्स लढायला आला नाही म्हणून, इथले लोक फ्रान्सवर चिडले होते. मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं घरनं पदार्थ आणायच्या जेवणात, एक आयटीतला पोरगा म्हणाला, "काकू यार, आता फ्रेंचांशी कट्टी करा, नाहीतर ग्रीन कार्ड परत घेतील." सगळे हसले. बाईंनी त्याच्या ताटातला आपल्या हातचा पाव उचलून घेतला. "कट्टी म्हणजे कट्टी," म्हणाल्या.

हे सगळं मला आवडायचं असं कुणी समजू नये. मला राग यायचा, आणि त्याचं कारण आता सांगतो. मी बुरुडाच्या घरातला. माझा बाप बांबू चिरायचा, आई सुपं विणायची. बापाच्या बोटांना बाराही महिने चिंध्या बांधलेल्या. गावात लग्नाला झालीची टोपली आमची, बाळाला पाचवीला निजवायचं सूप आमचं, मेल्यावर ताटीचे बांबू आमचे. बाकीच्या दिवसांत आम्ही दाराबाहेर. टोपली अंगणात ठेवायची, लांब उभं राहायचं. आतनं कुणीतरी यायचं, टोपलीवर पाणी शिंपडायचं, मग ती घरात जायची. म्हणून मी कोयता टाकला आणि स्टिअरिंग धरलं. एसटीच्या ड्रायव्हरवर कुणी पाणी शिंपडत नाही.

मी बुरुडाचा एवढं बाईंना माहीत होतं. एकदा त्यांनी माझ्यापुढं काड्या टाकल्या. "बसा. तुमच्या हातात असेल ते. रक्तात असतं." मी म्हणालो, "माझ्या रक्तात डिझेल आहे." त्या हट्टाला पेटल्या. मी बूड बांधायला घेतलं आणि ते गाठोड्यासारखं गोळा झालं. खरंच सांगतो, मला येत नाही. मी शिकलो नाही, आणि शिकलो नाही याचा मला अभिमान आहे. तेव्हा मी त्यांना माझ्या बापाचं सगळं सांगितलं. पाण्याचंही.

बाई विणत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "आमच्याकडे ते पाणी मी शिंपडायचे. लहान होते. आजी गडू हातात द्यायची. मला मजा वाटायची, शिंतोडे उडवायला."

मी ते गोळा झालेलं बूड उकलायला घेतलं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "किती सुंदर काम होतं ते. मला तेव्हा दिसलंच नाही."

"दिसायला विमान लागलं," मी म्हणालो. "पुण्याच्या तुमच्या दारातनं माझ्या बापाच्या टोपलीपर्यंत यायला तुम्हाला फ्रान्सवरनं यावं लागलं. गोरी बाई विणते तेव्हा ती कला. त्या ओदेतला जात विचारली का कधी?"

"तिथं नसते ती."

"असते. भाषा आलीय ना, विचारा, कळंल."

मी उठून आलो. पुढं बरेच दिवस त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

त्या वर्षी बाई फ्रान्सच्या गावाहून परत आल्या आणि सामानही न उघडता आमच्या दारात उभ्या राहिल्या. सून ऑफिसात. चहा मीच केला. बाई म्हणाल्या, "तुमचं खरं निघालं. तिथं गाड्यांतून फिरणारी भटकी माणसं येतात, टोपल्या विकायला. फार सुरेख टोपल्या. ती आली की ओदेत दाराला कडी लावते. मला म्हणाली, गप्प बस, जातील." चहा निवला तरी कप हातातच. मी विचारलं, "मग? आता गाव सुटलं?" त्या म्हणाल्या, "नाही सुटलं. तेच तर. तुमच्या वडिलांना बाहेर उभं करणाऱ्या घरावरही माझं प्रेम होतंच की."

हे मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण पोटातलं न लपवता सांगायला कुणी माझ्या दारात आलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. मी पुन्हा मोळी धरायला जाऊ लागलो.

मग अंजलीचं लग्न आलं. अंजली म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. वॉशिंग्टनजवळ हर्नडनला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नवरा मुलगा नागपूरकडचा, तिथंच आयटीत. आपल्या पद्धतीचं लग्न, हॉटेलात. मुलीच्या लग्नात झालीची टोपली लागते, तिच्यात दिवे लावून मुलाकडच्यांच्या डोक्यावर धरतात, लेक सोपवतात. बाईंनी ती टोपली स्वतः विणली. वाळुंज सोलून पांढरं केलेलं, काठाला न सोललेल्या तपकिरी काड्यांची वेणी. महिनाभर चालली होती. मला दाखवून विचारलं, "कशी आहे?" मी म्हणालो, "बाप असता तर हातात घेऊन बघितली असती." याच्यावरचं कौतुक मला येत नाही.

लग्नात गुरुजींनी टोपली उलटी सुलटी करून पाहिली. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर करतात, शनिवार रविवार पूजा. म्हणाले, "काकू, हे बांबूचं नाहीये. वंश म्हणजे वेळू, वंशपात्र वेळूचंच हवं. वंश वाढायचा असतो. हे नाही चालणार." मग आवाज उतरवून, "आणि झाल जोडप्यानं द्यायची असते. काका नाहीत, तर मामा-मामींना बसवू या ना?"

बाई पैठणी नेसून टोपली हातात घेऊन उभ्या. अंजली म्हणाली, "मॉम, प्लीज. इट्स जस्ट अ बास्केट. डोन्ट मेक अ सीन."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, पाणी शिंपडा की. आमच्या टोपल्यांना कुणी कधी झाड विचारलं नाही. पाणी शिंपडलं की सगळ्या चालायच्या."

"काका, तसं नसतं ते," गुरुजी हसले.

"तसंच असतं," मी म्हणालो. माझ्या मुलानं कोपर धरून मला मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

शेवटी हॉटेलवाल्याकडून ब्रेड ठेवायची टोपली आणली. तारेची. ती चालली. मामा-मामींनी तिच्यात दिवे ठेवले. बाईंनी आपली टोपली माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतः पलीकडं बसल्या. जेवायला कोणी बोलवेपर्यंत आम्ही दोघं आणि मधे टोपली.

त्यानंतर त्यांचं ठरलं. ओदेतचे गुडघे गेले होते. तिचं वाळुंजाचं शेत बघायला कुणी नव्हतं, शेजारचं घर बंद पडलेलं. ती म्हणत होती, ये आणि राहा. बाई म्हणाल्या, "इथलं घर विकते. पानं झडली की जाते, परत येत नाही. मरेन तर तिथं मरेन." हे त्यांनी चोरून केलं नाही. मंडळात सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, मुलीला फोन करून सांगितलं. चूक तीच झाली.

अंजली हर्नडनहून न कळवता आली. आम्ही दोघं तळ्यावर. स्वयंपाकघरात बाईंचं सूप चढवलेलं होतं. त्यांच्या गावाची रीत अशी की पातेलं अगदी बारीक आचेवर सकाळी ठेवायचं ते संध्याकाळी उतरवायचं, मधे माणसं शेतावर जाऊन येतात. त्या दिवशी झाकणातनं उतू गेलं, धूर झाला, अलार्म वाजला. आम्ही मोळी घेऊन आलो तर सगळ्या खिडक्या उघड्या, दारात अंजली रडतेय. "मॉम, यू लेफ्ट द स्टोव्ह ऑन!"

"सोडला नव्हता गं, ठेवला होता. दिवसभर लागतो त्याला."

"अँड यू वेअर आउट देअर इन द मड!" मग माझ्याकडं वळून, "काका, तुम्ही तरी सांगायचं ना तिला."

"काय सांगायचं? सूप तिचं, चूल तिची," मी म्हणालो. माझं कोण ऐकतं?

डॉक्टरकडं नेलं, डोकं तपासायला. त्यानं वार विचारला, राष्ट्राध्यक्ष विचारला, बाईंनी फटाफट सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही कुठल्या गावात राहता? बाईंनी फ्रान्सचं नाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला येऊन हसत सांगत होत्या, "मुद्दाम सांगितलं, यशवंतराव. मूर्ख प्रश्न विचारतो म्हणजे काय! जन्मभर असल्या पोरांच्या पेशंटना भूल दिली मी." मलाही हसू आलं. मुलीला मात्र पाहिजे ते मिळालं होतं.

जाताना ती पासपोर्ट घेऊन गेली. रिन्यू करते म्हणाली. बाई फोनवर विचारायच्या, आला का गं? प्रोसेस होतोय मॉम. पुन्हा महिन्यानं, आला का? होतोय. तळ्याकाठची पानं झडली. मोळी बांधून झाली. पासपोर्ट प्रोसेसच होत होता.

हे मी इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीनं लिहितो. आमचे पासपोर्ट मुलांच्या कपाटात असतात. सेफ असतात. विचारलं तर म्हणतात, तुम्हाला कशाला लागतो, कुठं जायचंय ते सांगा, आम्ही नेतो. मी एका संध्याकाळी मुलाकडं माझा मागितला. "कशाला बाबा? फाइलला आहे, सेफ आहे." मी म्हणालो, "फाइल काढ." त्यानं काढली. तेव्हापासून तो माझ्या उशीखाली आहे.

घर विकलं ते अंजलीनं, डॉक्टरच्या त्या तपासणीच्या कागदावर. बाईंना हर्नडनला घेऊन गेली, स्वतःच्या घरी नाही, घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या जागेत. स्वच्छ, महागडी, फुलांचा फवारा मारलेली. वाईट वागवत होते असं मी म्हणणार नाही. अंजली दर रविवारी जायची, हेही खरं. आईला ती वाचवत होती, असं तिला अजून वाटतं.

शेवटचं पाहिलं ते मुलानं आम्हाला वॉशिंग्टन बघायला नेलं तेव्हा. मी म्हणालो, मला तुमचं पांढरं घर नको, हर्नडनला उतरवा. तास मिळाला. एका मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती, हस्तकलेचा तास चालू होता. प्रत्येकापुढं रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या. बाई खिडकीशी. रुमाल नाही, केस कुणीतरी बारीक कापलेले. त्यांनी पट्ट्यांचा जुडगा पाण्याच्या मगमध्ये उभा केला होता, काड्या भिजत घालतात तसा.

तिथली मदतनीस मुलगी माझ्याकडं बघून हळूच डोकं हलवत काहीतरी म्हणाली. इंग्रजी कळलं नाही, अर्थ कळला. म्हातारी प्लास्टिक भिजवते.

तिनंच दिलेला पाण्याचा ग्लास घेऊन मी शेजारी बसलो. "डॉक्टरीणबाई, प्लास्टिक भिजत नाही."

"माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "पण कोरड्यावर हात चालत नाही."

काही वेळ विणत राहिल्या. बूड सरळ, घट्ट, गोल. मग विचारलं, "ओदेत गेली म्हणे. शेतातलं वाळुंज कुणी कापलं असेल?" मला माहीत नव्हतं. त्यांनीच पुढं विचारलं, "तुमचा पासपोर्ट कुणाकडे आहे, यशवंतराव?"

"माझ्याकडं."

"शाबास." पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. नजर अगदी जागी होती. "मग बसलाय कशाला इथं?"

एवढ्यात ती मुलगी आली, गोड हसली, पाण्याचा मग उचलून सिंकमध्ये ओतला आणि पट्ट्या पुसून, कोरड्या करून, बाईंच्या पुढ्यात ओळीनं ठेवल्या. ती पाठमोरी होईपर्यंत बाई थांबल्या. मग माझ्या हातातला पाण्याचा ग्लास घेतला, त्यात चार बोटं बुडवली आणि ओल्या बोटांनी पुढची पट्टी उचलली.